बाळंतिणीची अंडी

शेंद्र्यात कुणाच्या घरी बाळंतीण आली की त्या घरचं माणूस आधी चतुराबाईच्या दारात येऊन अंडी सांगून जाई. दुकानात पांढऱ्या अंड्यांचे ट्रे मांडलेले असतात, पण बाळंतिणीला ते चालत नाहीत असा आमच्याकडे समज आहे. तिला गावरान अंडं लागतं, आणि गावरान म्हटलं की चतुराबाई. ती अंडं कधी धुवत नसे. पदराने पुसायची, उन्हाकडे धरून आतून बघायची, आणि ज्याची जरा शंका येईल ते बाजूला ठेवून संध्याकाळी नवऱ्याला घालायची. पुंजारामने लग्न झाल्यापासून शंका नसलेलं अंडं क्वचितच खाल्लं असेल.

काही घरांत सोमवार असे, कुठे गुरुवार, कुठे शनिवार. सासवा म्हणत, आज नको, आज घरात अंडं शिजत नाही. चतुराबाईचं उत्तर ठरलेलं होतं.

"बाळंतिणीला वार नसतो, काकू."

एवढं बोलून ती अंडी थेट चुलीपाशी नेऊन ठेवायची. भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. अंगाने किरकोळ, बोलणं हळू. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता तेव्हा पालकांच्या सभेला ती शेवटच्या बाकावर बसून असे आणि सभा संपल्यावर हळूच विचारी, "पोरगं खोटं बोलतं का वो, बाई?" अभ्यासाचं तिने कधी विचारलं नाही.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. माझा ओटा तिच्या घरासमोर आहे. तिच्या घराला लागून तिच्या थोरल्या जावेचं, मालनबाईचं घर. शेती औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा बद्रीनाथ आणि पुंजाराम या दोघा भावांनी शेजारी शेजारी सारखी घरं बांधली आणि मागच्या अंगणात सिमेंटच्या विटांची गुडघाभर भिंत घातली. ती भिंत मोठी माणसं ओलांडत नाहीत. कोंबड्या दिवसभर ओलांडतात. म्हणून ओळखीला चतुराबाई आपल्या कोंबड्यांच्या पायात हिरवा दोरा बांधते आणि मालनबाई लाल.

मालनबाईबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. उंच, गोरी, खणखणीत आवाजाची बाई. सणाला पहिली पोळी माझ्याकडे तिच्याच घरून येते. तिला फक्त सगळीकडे पहिलं असायची सवय आहे. घरात पहिली सून ती, पहिलं पक्कं स्वयंपाकघर तिचं, गल्लीत पहिली वॉशिंग मशीन तिची. एका बाबतीत मात्र ती दुसरी होती. तिची एकुलती लेक प्रेरणा लहानपणापासून चतुराकाकूच्या चुलीशी वाढली होती. काकू राखेत अंडं भाजायची आणि प्रेरणा ते फुंकर मारत खायची. मालनबाईने नंतर स्वतः कोंबड्या पाळल्या त्या याच कारणासाठी, असं मला वाटतं. पण प्रेरणा तरी भिंत ओलांडून पलीकडेच जायची.

प्रेरणा गंगापूरला दिली आणि सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. आल्या दिवशीच ती आईला म्हणाली, काकूची अंडी आण ना. तिला काय ठाऊक, ती काय बोलून गेली ते.

चतुराबाईला ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती वाडग्यात अंडी घेऊन पुढच्या दाराने, नीट पदर घेऊन, मालनबाईकडे गेली. त्या वेळी नळाला पाणी आलेलं होतं आणि गल्लीतल्या बायका हंडे लावून रांगेत होत्या. मालनबाई उंबऱ्यातच उभी राहिली. वाडग्याकडे बघून ती मोठ्याने म्हणाली, "घेऊन जा ते. तुझ्या कोंबड्या जंतांनी भरल्यात. माझ्या पोटुशी लेकीला जंत घालती का तू?"

चतुराबाई मागे वळली. वाडगं पदराखाली धरून ती रांगेसमोरून परत आली.

बोलणं एवढ्यावर थांबलं असतं तर विरून गेलं असतं. पण बाळंतिणीच्या बाबतीत माणसं भित्री असतात, आणि ते बरोबरही आहे. एका घराने अंडी थांबवली, मग दुसऱ्याने. कुणी म्हणालं नाही की जंतांमुळे. कुणाला डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या होत्या, कुणाच्या सुनेला वास सोसत नव्हता. मग एक दिवस नळावर कुणीतरी तिचा उल्लेख "जंतवाली काकू" असा केला, एक बाई आधी हसली आणि मग सगळ्या हसल्या. चतुराबाई तिथंच हंडा भरत होती.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. हातात निवडायला मेथी आणली होती, पण निवडली नाही.

"बाई, ज्या तोंडानं तिनं जंत म्हटलं ना, ते तोंड मी चारचौघांत गप करीन," ती म्हणाली. "माझं वय गेलं तरी बेहत्तर."

मी तिला समजावलं, की बोलणं वाऱ्यावर जातं. तिने ऐकून घेतलं. मग मेथी तशीच उचलून घरी गेली.

सूड घ्यायचा तर आधी आपलं अंगण स्वच्छ हवं, हे तिला कळत होतं. ती फाट्यावर हबीबभाईंच्या दुकानात गेली. हबीबभाई पशुखाद्य, कोंबडीखाद्य आणि जनावरांची औषधं ठेवतात आणि गिऱ्हाइकाला औषधापेक्षा सल्ला जास्त देतात. त्यांनी विचारलं, कोंबडी उचलल्यावर हलकी लागते का, छातीचं हाड हाताला टोचतं का, तुरा फिका पडलाय का, खाते खूप आणि अंडी कमी देते असं आहे का. चतुराबाई सगळ्याला हो म्हणत गेली आणि प्रत्येक हो बरोबर तिची मान खाली जात गेली. हबीबभाई हसले. "अरे चतुराबाई, जमिनीवर चोच मारणाऱ्या कोंबडीला जंत नाही तर काय होणार? किसको नहीं होते? आणि कोंबडीचा जंत माणसाला लागत नाही, एवढं बोलणाऱ्याला सांगा."

त्यांनी औषधाची बाटली दिली आणि कसं द्यायचं ते नीट सांगितलं. संध्याकाळीच पाण्याची सगळी भांडी उचलायची. सकाळी तहानलेल्या कोंबड्यांसमोर औषधाचं पाणी ठेवायचं, म्हणजे सगळ्या पितात. दुसऱ्या दिवशी विष्ठा झाडून गोळा करायची आणि चुना टाकून पुरायची, नाहीतर पडलेलेच जंत आणि त्यांची अंडी परत पोटात जातात. काही आठवड्यांनी दुसरा डोस. आणि बाटलीवर लिहिलेत तितके दिवस त्या कोंबड्यांची अंडी कुणी खायची नाहीत.

"तितके म्हणजे तितकेच?" चतुराबाईने विचारलं.

"तितकेच."

"मी दुप्पट धरते."

सकाळी लिंबाखाली परातीत औषधाचं पाणी ठेवलं. लाल दोऱ्याच्या कोंबड्या येऊ नयेत म्हणून पुंजाराम काठी घेऊन भिंतीवर बसला. दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावून दाखवलं. खुराड्यात पांढरे, लांबट जंत पडले होते, शिजलेल्या शेवयांसारखे. काही अजून वळवळत होते. मला वाटलं ती किळसेने तोंड फिरवील. ती उकिडवी बसून बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मालनअक्का खरं बोलली व्हती," ती म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "पण खरं सांगायला नव्हती बोलली."

ते सगळं झाडून तिने चुन्यासकट खोल पुरलं. त्या दिवसांतली अंडी रोज सकाळी गोळा करायची आणि रोज उकिरड्यात फोडायची, शंकेची अंडी खाणाऱ्या पुंजारामलासुद्धा नाही. दुसरा डोस झाला, दुप्पट दिवस झाले, कोंबड्यांचे तुरे लाल झाले. पण अंडी न्यायला कुणी आलं नाही. पाटीत अंडी साठत गेली.

हबीबभाईंनी एक गोष्ट आणखी सांगितली होती. दोन्ही अंगणांतल्या कोंबड्या एकाच मातीत उकरत असतील तर एकीकडे औषध देऊन उपयोग नाही, पुन्हा येरे माझ्या मागल्या. चतुराबाईने हे पुंजारामकरवी बद्रीनाथला कळवलं. बद्रीनाथने बायकोला सांगितलं. मालनबाईने भिंतीशी येऊन, पलीकडे कुणी आहे का न बघता, उत्तर दिलं. "आमच्या कोंबड्यांना काय झालंय? जंत तिच्याकडं, औषध तिनं पाजावं. आमचं नाव कशाला घेती?"

तेव्हा चतुराबाई खुराड्याच्या आत वाकलेली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. हे तिनेच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

प्रेरणाला मुलगी झाली. बारसं गुरुवारी ठरलं. गंगापूरहून विहीणबाई आणि त्यांच्याकडच्या बायका येणार होत्या, गल्लीतल्या आम्ही सगळ्या होतोच. बुधवारी मालनबाई आणि बद्रीनाथ सकाळीच शहरात गुलमंडीला खरेदीला गेले, प्रेरणा बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. बाळाचं झबलं, विहिणीची साडी, पाळण्याला फुलं. घाईत कोंबड्यांच्या भांड्यात पाणी घालायचं राहिलं. दिवस एप्रिलचे. आदल्या संध्याकाळपासूनच ते भांडं कोरडं आहे, हे चतुराबाईने पाहून ठेवलं होतं.

तिने आपल्या सगळ्या कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या. बांबूची ती उपडी डालगी एका रांगेत ठेवून प्रत्येकीत पाण्याची वाटी सरकवली. मग परातीत औषधाचं पाणी केलं आणि आपल्याच हद्दीत, भिंतीला लावून, सावलीत ठेवलं. लाल दोऱ्याच्या कोंबड्या एकेक करून भिंतीवर चढल्या आणि खाली उतरल्या. चतुराबाई समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, पाहुण्यांना जेवायला वाढून बसावं तशी. औषध मात्र तिने बुचाने मोजून घातलं होतं. एक थेंब कमी नाही आणि जास्त नाही. "कोंबड्यांनी माझं काय वाईट केलं होतं, बाई?" असं ती मला म्हणाली.

अंड्यांचा विचारही तिने केला होता. बुधवारची अंडी प्रेरणाला सकाळीच घालून झाली होती. मालनबाई गुरुवार कडक पाळते, त्या दिवशी घरात अंडं शिजत नाही. म्हणजे बारशाच्या दिवशी धोका नाही. शुक्रवारी सकाळी पाहुणे गेले की पुंजारामला पाठवून कळवायचं, अंडी खाऊ नका. तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. हिशेबात एकच चूक होती, आणि ती तिच्याच तोंडच्या वाक्याची होती.

बारशाला ती आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं नाही. इस्त्रीची जांभळी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागचं अंगण दिसेल अशा जागी, दाराशी टेकून बसली. मालनबाईने तिला हळदकुंकू लावलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. घुगऱ्या वाटून झाल्या, बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं. विहीणबाई लीलाबाई जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. गंगापूरला त्यांचा मोठा शेतीवाडीचा कारभार आहे आणि त्यांच्या एका शब्दावर घर चालतं असं प्रेरणा सांगायची. मालनबाई सकाळपासून त्यांच्या मागेपुढे करत होती.

खीर खाऊन लीलाबाई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या. सडा टाकून रांगोळी काढलेली होती, आणि कोंबड्या त्यावरून फिरत होत्या. तांब्या हातात घेऊन लीलाबाई वाकल्या, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, खिरीच्या शेवया सांडल्या वाटतं इथं."

मालनबाई लगबगीने बाहेर गेली. तेवढ्यात एक शेवई हलली.

बायका एकामागून एक दाराशी आल्या. पदर नाकाला गेले. रांगोळीच्या कडेला, पायरीपाशी, तुळशीच्या ओट्याखाली, जिथं बघावं तिथं तेच. मालनबाईचा गोरा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "आमच्या नाहीत वो ह्या. त्या पलीकडच्या कोंबड्या येतात इकडं घाण करायला."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. पलीकडे डालगी ओळीने उपडी ठेवलेली होती आणि त्यांच्या फटींतून हिरव्या दोऱ्यांचे पाय दिसत होते. अलीकडे रांगोळीत जितके पाय फिरत होते तितक्यांना लाल दोरा होता.

"लाल दोरा कुणाचा?" लीलाबाईंनी विचारलं.

नळावर पहिल्यांदा हसलेली बाई आता दुसऱ्याच बाजूला तोंड करून हसत होती. चतुराबाई जागची हलली नव्हती. तिने मांडीवरचा पदर सारखा केला, घुगऱ्यांतला एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. इतक्या महिन्यांत तिला काही चवीने खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

लीलाबाई मनाने हलक्या नव्हत्या. विहिणीची फजिती वाढू नये म्हणून त्या आत आल्या आणि विषय बदलला. सुनेने सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. मालनबाईला तेवढा आधार पुरला. ती म्हणाली, रोज दोन अंडी देते, आज गुरुवार आहे म्हणून दिली नाहीत.

लीलाबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला वार नसतो, विहीणबाई."

मी चतुराबाईकडे बघितलं नव्हतं, पण तिच्या हातातून घुगऱ्यांचा द्रोण खाली पडल्याचा आवाज आला.

मालनबाईला तर विहिणीचा शब्द झेलायचाच होता. तिने गॅसवर पातेलं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की अंडी घरच्याच कोंबड्यांची आहेत, आज सकाळचीच. पाणी उकळायला लागलं. बायका पुन्हा बोलायला लागल्या. चतुराबाई भिंतीला टेकून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. गप्प राहिली असती तर जिंकलेली होती. कोंबड्यांना कुणी काय पाजलं हे जगात कुणाला कळलं नसतं, आणि मालनबाईचं तोंड गंगापूरपर्यंत बंद झालं होतं.

बशीत दोन सोललेली अंडी आली, वर मीठ. प्रेरणाने बाळ मांडीवर घेऊनच एक उचललं.

"प्रेरणा, ठेव ते खाली," चतुराबाई म्हणाली.

प्रेरणाचा हात थांबला. मालनबाई वळली. "का? आता माझ्या घरचं अंडं पण तुला बघवंना का?"

चतुराबाई उठून उभी राहिली. "तुमच्या कोंबड्यांना काल मी जंताचं औषध पाजलंय. औषध पाजल्यावर अंडी खायची नसतात. बाळंतिणीनं तर नायच नाय."

पाळण्याजवळ बोलत बसलेली बाई थांबली. मालनबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिची उंची तेव्हा फार वाटली. "माझ्या मागं माझ्या कोंबड्यांना पाजलंस? औषध पाजलंस का विष, कुणाला ठाऊक?"

"विष घालायचं असतं तर सांगायला उठले असते का?" चतुराबाईने कनवटीची बाटली काढून माझ्या हातात दिली. कुणी तिच्या कोंबड्यांबद्दल विचारलंच तर दाखवायला तिने ती आणली होती. "बाई, वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. कोंबड्यांच्या जंतांवरचं औषध, मात्रा, अंडी किती दिवस खाऊ नयेत. वाचून झाल्यावर लीलाबाईंनी प्रेरणाच्या हातातलं अंडं काढून बशीत ठेवलं आणि बशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली.

मला वाटलं आता संपलं. चतुराबाई बाहेर गेली, घरी गेली असं सगळ्यांना वाटलं. पण ती परत आली, आणि त्या वेळी पुढच्या दाराने नाही, भिंत ओलांडून आली. हातात तेच वाडगं होतं.

"ही घे अक्का," ती मालनबाईला म्हणाली. "जंतवालीची आहेत. उकड आणि घाल तिला. माझ्या डोळ्यांसमोर घाल."

मालनबाई हलली नाही. प्रेरणा वाडग्याकडे बघत होती. शेवटी लीलाबाई म्हणाल्या, "उकडा विहीणबाई, पोरगी उपाशी आहे." मालनबाईने वाडगं घेतलं. तिने अंडी पातेल्यात सोडली. ती उकडेपर्यंत चतुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि एकदाही बसली नाही. मालनबाईने स्वतः सोलली, स्वतः मीठ लावलं, स्वतःच्या हाताने लेकीपुढे ठेवली. प्रेरणाने दोन्ही खाल्ली. आणि मग त्या भोळ्या पोरीने बोट चाटत विचारलं, "काकू, अजून एक आहे का?"

त्या प्रश्नावर मालनबाई आतल्या खोलीत गेली, ती विहिणीला निरोप द्यायलाच बाहेर आली.

पुढच्या आठवड्यात चतुराबाईकडे अंडी सांगायला माणसं येऊ लागली. पहिले हबीबभाई आले. त्यांची लेक नौशीन माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. मग नळावर हसलेल्या बाईने आपल्या सुनेसाठी सांगितली. चतुराबाईने तिला दोन दिवस थांबवलं, उगीचच. कारण विचारलं तर म्हणाली, "तिला जरा वास सोसंना असं कळलं म्हणून."

मालनबाई आणि ती बोलत नाहीत. मी एकदा दोघींना माझ्याकडे चहाला बोलवायचं मनात आणलं होतं. पुंजारामने मला हात जोडून तसं न करायला सांगितलं.

पण औषधाचा दुसरा डोस राहिला होता, आणि मालनबाईच्या कोंबड्या पहिल्या डोसाने चांगल्या अंगाने भरल्या होत्या. हे तिने पाहिलं नाही असं शक्य नाही. एक दिवस ती एकटीच रिक्षाने फाट्यावर जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठी परात भिंतीपाशी, आपल्या हद्दीत, ठेवली. लाल दोऱ्याच्या कोंबड्या पाणी प्यायल्या. त्यांच्याबरोबर हिरव्या दोऱ्याच्याही काही गेल्या, कारण कोंबडीला दुसऱ्याच्या परातीतलं पाणी गोड लागतं. चतुराबाई तेव्हा अंडी पोचवायला गेली होती.

ती परत आली तेव्हा मालनबाई पुढच्या उंबऱ्यात उभी होती आणि नळावर रांग होती. मालनबाई रांगेकडे बघत बोलली, चतुराबाईकडे नाही.

"काही जणींच्या कोंबड्यांनी आज माझ्या औषधाच्या पाण्याला तोंड घातलं. बाळंतिणीला अंडी देणाऱ्यांनी आता दिवस मोजावेत म्हणावं."

चतुराबाईने हातातली रिकामी पाटी खाली ठेवली. "माझ्या कोंबड्यांना घरी पाणी असतं, अक्का," ती म्हणाली. "त्या परक्याच्या भांड्याला तोंड लावत नाहीत."

रांगेतल्या बायका हसल्या आणि मालनबाई आत गेली. चतुराबाईही आत गेली. दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा पुंजाराम अंगणात नव्हता. तो हबीबभाईंकडे निरोप द्यायला गेला होता, की नौशीनला पुढले काही दिवस अंडी मिळणार नाहीत, आणि किती दिवस ते त्यांनीच बाटलीवर वाचून त्याची दुप्पट धरावी.

चतुराबाई उकिरड्याच्या खड्ड्याशी बसली होती. पाटीत त्या दिवशी गोळा केलेली अंडी होती. नेमकी कोणती कोंबडी पलीकडे जाऊन पाणी पिऊन आली हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सगळीच घेतली होती. एकेक उचलायची, पदराने पुसायची आणि खड्ड्याच्या कडेवर आपटून फोडायची. प्रत्येकाला मालनबाईचं नाव घेऊन एक नवी शिवी होती, आणि मी शेजारी येऊन बसले तरी तिने आवाज कमी केला नाही.

शेवटचं अंडं मोठं होतं, मातकट रंगाचं. ते तिने सवयीने उन्हाकडे धरलं आणि जरा वेळ बघितलं.

"पुढल्या खेपेला पाळी माझी आहे," ती म्हणाली, आणि ते फोडलं.